पेटीतली ओल

औरंगाबाद
२६ नोव्हेंबर १९७२

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. तिकडे बर्फ पडायला लागला, हे आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मंग तिकडं पान्याची ददात नसंल.’ इथं पाऊस झालाच नाही, हे तुम्ही दिवाळीत पाहून गेलात. नळ आता एक दिवसाआड येतो.

पेटीचं लिहिते. तुम्ही सांगितलं तशी ती मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली आहे. ऊन तिथं येत नाही. सुरुवातीला सिगारी आत ठेवल्याच नाहीत. आतलं लाल लाकूड ओल्या फडक्यानं पुसायचं, झाकण लावायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायचं, असं चाललं. लाकूड तहानलेलं असेल तर सिगारींची ओल तेच पिऊन टाकतं, हे तुमचं म्हणणं बरोबर निघालं. झाकणातला ओल मोजायचा काटा बरेच दिवस चाळीसच्या पुढे जाईना. मग एका सकाळी सत्तरवर आला आणि तिथंच राहिला. त्या दिवशी सिगारी आत मांडल्या. झाकणाच्या जाळीत स्पंज आहे, तो पिळून ठेवते. थेंब गळता कामा नये, हे लक्षात आहे.

नळाचं पाणी चालत नाही म्हणून क्रांती चौकातल्या बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं. दुकानदारानं विचारलं, गाडी कोणती? गाडी नाही म्हटलं. मग ट्रॅक्टर? ट्रॅक्टरही नाही. त्यानं बाटली दिली, पण मी रस्ता ओलांडेपर्यंत बघत राहिला.

आईंनी विचारलं, ‘ही चिरुटं वढायची कवा?’ मी म्हटलं, चिकलठाण्याला तुमचा कारखाना सुरू होईल त्या दिवशी पाहुण्यांना द्यायच्या आहेत. ‘म्हंजी वैजू येनार.’ मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

निघताना तुम्ही मला म्हणालात, पेटी नीट राहिली तर मी आलोच असं समज. पेटी नीट राहील.

उमा


औरंगाबाद
१४ जानेवारी १९७३

सप्रेम नमस्कार.

तिळगूळ पाकिटात घालता येत नाही. घेतला असं समजा.

काट्यात खोट आहे. कशी कळली ते सांगते. महिन्यातून एकदा खालच्या सिगारी वर आणि वरच्या खाली करते. त्या दिवशी आई शेजारी पान लावत बसल्या होत्या. त्यांनी एक सिगार उचलली, कानाशी नेऊन दोन बोटांत हलकेच दाबली आणि म्हणाल्या, ‘वाळलीया ही. पाल्यावानी वाजती.’ मी काटा दाखवला. काटा सत्तरवर होता. ‘काट्याला काय कान हायेत?’ त्या म्हणाल्या.

मी बाटलीच्या बुचात मीठ घेतलं. त्यात थेंब थेंब पाणी घातलं, ओलं होईल इतकंच, विरघळेल इतकं नाही. काटा झाकणातून सोडवला आणि मिठाबरोबर काचेच्या बरणीत ठेवून बरणीचं तोंड मेणानं बंद केलं. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा पंचाहत्तरवर थांबते. मग उन्हाळा असो की हिवाळा. हे आम्ही कॉलेजात केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी काटा सत्त्याऐंशीवर होता. म्हणजे तो बारानं जास्त दाखवतो. आपण सत्तर समजत होतो ते खरं अठ्ठावन्न होतं.

आता काटा ब्याऐंशीवर न्यायचा आहे. एकदम ओल दिली तर सिगारीवरचं पान फुगून फाटतं. म्हणून स्पंज अर्धाच भिजवते आणि वाट बघते. वाट बघण्याचं मला काही वाटत नाही. मात्र काटा खरा हवा.

फोटो मिळाला. खोली चांगली आहे. आईंनी भिंग लावून पाहिला. टेबलावर दोन कप आहेत. त्यांनी विचारलं, ‘दुसरा कप कुनाचा गं?’ मी म्हटलं, फोटो काढणाऱ्याचा असेल. ‘त्यो आधी पिऊन मंग उठला व्हय? रिकामा हाय कप.’ मी म्हटलं, तसंच असेल.

पत्रात आईंसाठी ओळ नव्हती. वाचताना मी दोन घातल्या. त्या म्हणाल्या, ‘जर्मनीत जाऊन लई ग्वाड बोलाया शिकला.’ पुढच्या वेळी तुम्हीच लिहा.

उमा


औरंगाबाद
१८ फेब्रुवारी १९७३

सप्रेम नमस्कार.

काटा जर्मन आहे, तो चुकत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मीठ इथलं आहे, तेही चुकत नाही. मी पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. काटा मी ब्याऐंशीवरच ठेवणार आहे. सिगारी आता दाबल्या तर वाजत नाहीत, बोटाखाली थोड्या दबतात आणि पुन्हा उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट वाईट आहे.

बॅटरीच्या दुकानात पाणी मिळेनासं झालं. गाड्यांनाच पुरत नाही म्हणाले. मी आईंना म्हटलं होतं की आपल्याला वाफेचं पाणी लागतं. पाणी उकळून त्याची वाफ धरायची आणि ती थंड करायची, त्यात क्षार राहत नाहीत. त्यांना हे पटलं होतं. परवा मी रेशनच्या रांगेत असताना त्या कोपऱ्यावरच्या हबीबभाई अत्तरवाल्याकडे गेल्या, बाटली भरून आणली आणि स्पंज भिजवून पेटी बंद केली. मी घरी आले तेव्हा घराला लग्नघराचा वास येत होता.

केवड्याचं पाणी होतं.

आई म्हणाल्या, ‘तूच म्हनलीस वाफेचं. हबीबभाई म्हनला, ह्याच्याइतकं वाफेचं पानी आख्ख्या शहागंजात नाय.’

हबीबभाई स्वतः आले. ओट्यावर उभे राहून म्हणाले, ‘अम्मा बोले, वाफेचं पानी होना, एकदम खालिस. मैं बोला केवड्यासे खालिस क्या है? भट्टी का माल है. चिरूट में डालने का है, बोलना था ना अम्मा.’

‘तुमी इचारलं का?’

‘अत्तरवाला पूछता क्या, कायकू होना? पूछा तो दुकान बंद करना पडता.’

मग त्यांनी पेटीत नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. ‘बाई,’ ते मला म्हणाले, ‘ये दूल्हे को देव. दुसरा कोई नै पीता अब.’

मी हसले नाही. आई हसल्या.

स्पंज टाकून दिला. शहागंजात पाटी पुसायचे स्पंज मिळतात, त्यातला एक कापून बसवला आहे. लाकूड कोरड्या फडक्यानं पुसून पेटी उघडी ठेवली. सिगारी तोपर्यंत मोठ्या बरणीत आहेत. तळाशी कोळशाचे तुकडे, एका वाटीत ओलं मीठ. कोळसा वास ओढेल आणि मीठ ओल सांभाळेल. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही.

हे तुम्हाला न कळवताही चाललं असतं. पण मग पत्रात काय लिहायचं, असा प्रश्न पडला असता.

उमा


औरंगाबाद
२५ मार्च १९७३

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं नाही. पत्र आलं नाही म्हटलं. त्यात घालण्यासारखी ओळ मला सुचली नाही.

दोन अडाणी बायकांच्या हाती वस्तू दिली ही चूक झाली, असं तुम्ही लिहिलंत. मी बी.एस्सी., बी.एड. आहे. लग्नपत्रिकेवर तुमच्याच घरच्यांनी ते माझ्या नावापुढे छापलं होतं. आई शिकलेल्या नाहीत, पण सिगारी वाळल्या हे मला त्यांच्यामुळे कळलं.

केवडा कमी होतो आहे. कोळसा दोनदा बदलला. सिगारी परत पेटीत ठेवल्या आहेत. काटा ब्याऐंशी.

इथं पाण्याचं कठीण आहे. नळ चार दिवसांनी येतो, तोही करंगळीएवढा. खेड्यांतून आलेली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडतात आणि रात्री शाळांच्या पटांगणात झोपतात. नळावर शेजारचा कडूबा मोठ्यानं म्हणतो, ‘वैनी, एक हंडा मानसाला, एक चिरुटाला, असं वाटून घ्या.’ बायका हसतात. पेटीला आठवड्याला चमचाभर पाणी लागतं. ते मी घरीच किटलीच्या तोंडाशी थंड ताटली धरून गोळा करते. चहाच्याच वाफेचं, वेगळं सरपण लागत नाही. कडूबाला हे सांगितलं नाही. त्यानं ताटली बघायला गर्दी आणली असती.

आणखी एक. सोयगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला माणूस हवा आहे. मी अर्ज केला. विचारत नाही, कळवते आहे.

उमा


औरंगाबाद
२९ एप्रिल १९७३

सप्रेम नमस्कार.

ऊन फार आहे. कोनाड्याची भिंत दुपारी हाताला चटका देते. पेटी तिथून काढून रांजणाच्या घडवंचीखाली ठेवली आहे. घरात तेवढीच जागा थंड आहे. रांजण अर्धाच भरलेला असतो, तरी पाझरतो. पेटीवर पाणी ठिबकू नये म्हणून मध्ये पाट आडवा घातला आहे.

एका सिगारीला टाचणीनं टोचल्यासारखं भोक दिसलं. तंबाखूत किड्याची अंडी असतात आणि उन्हाळा तापला की ती फुटतात. ती सिगार काढून चुलीत टाकली. बाकीच्या एकेक करून उजेडात फिरवून पाहिल्या. त्या चांगल्या आहेत. आता रोज बघते.

सोयगावची नेमणूक आली. शाळा अकरा जूनला उघडते.

तुम्ही लिहिलंत की नोकरी घेऊ नको, आईंना कोण बघणार आणि पेटीकडे कोण बघणार. पुढच्या दिवाळीऐवजी त्याच्या पुढच्या दिवाळीला नक्की येतो, असंही लिहिलंत. मी पत्र दोनदा वाचलं. नक्की हा शब्द नोव्हेंबरच्या पत्रात नव्हता, तेव्हा मला जास्त खात्री होती.

आई संध्याकाळी दारात बसतात. कोणी विचारलं की चिकलठाण्याकडे हात करून सांगतात, तिकडं माळावर कारखाना निघनार हाय. कुठं ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही. तुम्ही जागा पाहिली होती का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारण्यात अर्थ नाही.

मी एकच विचारते. तुम्ही राहायला परत येणार आहात का? कधी, ते सांगू नका. हो किंवा नाही, एवढं लिहा. हो आलं तर मी सोयगावला नकार कळवीन आणि पेटी सांभाळीन, कितीही वर्षं. नाही आलं तर अकरा जूनला शाळेत असेन. उत्तरच आलं नाही तर तेही नाहीच धरीन.

काटा ब्याऐंशी. केवड्याचा वास मला येत नाही, पण माझं नाक आता सरावलं आहे. हबीबभाईंना विचारावं लागेल.

उमा


औरंगाबाद
३ जून १९७३

तुमचं पत्र मिळालं.

कारखान्याचा विचार सोडला, तिकडेच घर घेतलं, परत येणं होणार नाही, हे समजलं. घर कोणाबरोबर घेतलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारत नाही. उत्तर दिलंत हे बरं केलंत. शेवटी तुम्ही लिहिलंय, सिगारी फेकून द्या नाहीतर कुणाला देऊन टाका, आता त्यांचं काही काम नाही.

या वेळी पत्र आईंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. एकही ओळ घातली नाही, एकही गाळली नाही. त्या ऐकत होत्या. हातातलं पान तसंच राहिलं. मग म्हणाल्या, ‘पुन्यांदा वाच.’ मी पुन्हा वाचलं. त्या उठल्या, घडवंचीखाली वाकल्या आणि पेटी दोन्ही हातांनी बाहेर ओढली. मी पाट धरला.

‘हबीबभाईला बलाव,’ त्या म्हणाल्या.

हबीबभाई ओट्यावर बसले. मी त्यांना सिगार दिली. त्यांनी आधी ती नाकाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली.

‘केवडा आहे का?’ मी विचारलं.

‘नै. ढूंढे तो भी नै.’

त्यांनी काडी लावली. सिगार निम्मी झाल्यावर म्हणाले, ‘बाई, इस धूप में बर्फ रखना आसान था. ये कैसा रक्खे तुम?’

‘मीठ,’ मी म्हटलं.

‘पानी बी व्हतं थोडं,’ आई म्हणाल्या. ‘केवडा तुमचा.’

आईंनी एक सिगार मोडून तळहातावर घेतली, चुना लावून अंगठ्यानं मळली आणि गालात धरली. ‘कडक हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पर मळायची जात न्हवं ही.’ तरी थुंकल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘तू बी वढ एक. तूच राखलीस.’ मी एक झुरका घेतला. खोकला आला. दुसरा घेतला, तेव्हा आला नाही. धूर कसा होता हे मला सांगता येणार नाही, मला तुलना नाही. पण सिगार शेवटपर्यंत एकसारखी जळली, मध्ये विझली नाही, एका अंगानं धावली नाही. ओल बरोबर असली की तसं होतं.

उरलेल्या गल्लीत वाटल्या. कडूबानं एक घेतली आणि कानावर अडकवली. म्हणाला, ‘वैनी, कारखाना निघाला व्हय?’ आईच म्हणाल्या, ‘निघाला. वढ.’

पेटी रिकामी आहे. घासून पुसून उन्हात ठेवली. लाकूड आता वाळलं तरी चालेल.

मी नऊ तारखेच्या एस.टी.नं निघते. आईंना मी चला म्हटलेलं नाही. तुमचं घर आहे, त्यांचं आहे, त्यांनी ठरवायचं. त्यांना तुम्हाला काही कळवायचं आहे. आज नको म्हणाल्या. सांगतील तेव्हा लिहून घेईन.

उमा


औरंगाबाद
८ जून १९७३

आई सांगतात तसं लिहिते आहे. माझा शब्द नाही. उमा.

वैजूस द्वारकाबाईचा आशीर्वाद.

मी उमीसंगं सोयगावला चालले. तिनं चला म्हनलं नाय आन नको बी म्हनलं नाय. मी बोचकं बांधाया बसले तर तिनं दुसरी दोरी आनून दिली. तेवढ्यात आमचं बोलनं झालं.

मला तिकडं गमंल का ह्ये ठाऊक नाय. खोली एक हाय म्हनती. हीर हाय, पानी खोल गेलंय. इथं बी काय गंगा व्हती?

तुझा बाप निजामाच्या करोडगिरीच्या, म्हंजी जकातीच्या नाक्यावर मुन्शी व्हता. पोलीस ॲक्शन झाली आन फुडं नाकाच उठला. त्या दिशी त्यो घरी आला, हातपाय धुतले, जेवला, आन मंग म्हनला, नोकरी गेली. तू मांडीवर व्हतास. मी म्हनलं, बरं. दुसऱ्या दिशी आमी दोघांनी मिळून काय करायचं ते बघितलं. तुला बी तसं सांगता आलं असतं. तू पेटी पुढं केलीस. तिकडंच राहिलास त्याचं मला येवढं नाय. पेटीचं लागलं. ही पोर पान्याच्या थेंबा थेंबाला जपत व्हती आन मी दारात बसून लोकांना कारखाना दाखवीत व्हते.

मी रडले नाय. उमी लिव्हती हाय, तिला इचार पायजे तर.

घराची किल्ली हबीबभाईजवळ ठेवली हाय. त्यो म्हनला, अम्मा, मी रोज कवाड उघडून हवा देईन. मी म्हनलं, दे. घर तुझ्या बापाचं हाय, तुझा हक्क कुनी काढत नाय. तुला इकडं कधी काम निघालं तर किल्ली माग आन ऱ्हा.

पत्र धाडायचं तर मला एगळं धाड आन तिला एगळं. माझं कुनीबी वाचून दाखवंल, साळंत लई पोरी हायेत. तिला का घालतोस मधी.

आन सोयगावला आलास तर आदल्या दिशी कळीव. उमीची साळा असती. जेवून जा.